गाईची ओटी

मी आयुष्यात पुष्कळांचा हेवा केला आहे. मोठ्या बहिणीच्या केसांचा केला, कॉलेजात माझ्यानंतर लागून माझ्याआधी कायम झालेल्या बाईंचा केला, आणि धाकट्या जावेचा तर इतकी वर्षं करते आहे की आता त्याची सवयच झाली आहे. पण एका गाईचा हेवा केला तेव्हा मात्र माझी मलाच लाज वाटली. लाज वाटली म्हणून हेवा कमी झाला, असं काही नाही.

गाय घरचीच होती, म्हणजे केशोरीच्या घरची. केशोरी माझं सासर. तिथे सासूबाई, धाकटे दीर आणि जाऊ राहतात, धानाची शेती करतात. जावेची दोन्ही मुलं नागपूरला शिकायला आहेत, आणि हे ती बोलण्याच्या ओघात दर दहा मिनिटांनी एकदा सांगते. मी आणि आमचे हे अर्जुनी मोरगावला असतो. हे शाळेत गणित शिकवतात आणि घरी बोलत नाहीत. मी सकाळच्या गाडीने गोंदियाला जाते आणि तिथे कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवते. गाडीत शेजारी बसलेली कोणतीही बाई सौंदड यायच्या आत विचारते, "मुलं किती?" मी "नाहीत" म्हणते आणि खिडकीबाहेर बघते.

माझ्या वाट्याला आलेल्या विषयांत रोमन कायद्याचं एक प्रकरण आहे. परीक्षेत त्यावर फार तर एक टीप येते, म्हणून विद्यार्थी ते सोडून देतात. मी सोडत नाही. त्यातही मी सगळ्यात जास्त रमते ती अमानवी जन्मांच्या भागात. जुन्या रोममध्ये दोन तोंडांचं वासरू किंवा पाच पायांचं शिंगरू जन्माला आलं, तर ती त्या शेतकऱ्याची घरगुती गोष्ट राहत नसे. खबर थेट सिनेटपर्यंत जायची. देव रागावले आहेत, काहीतरी कळवू पाहताहेत, असं समजून पुरोहित जुने ग्रंथ उघडायचे, जनावरांची आतडी-काळीज पाहून शकुन सांगणारे बोलावले जायचे, बळी दिले जायचे आणि सगळं शहर प्रार्थनेला लागायचं. माणसाचं मूल तसं जन्मलं तर काम आणखी सोपं होतं. त्यांच्या सगळ्यात जुन्या कायद्यानं सांगून ठेवलं होतं की फार विद्रूप मूल लगेच संपवावं.

पुढे कायदेपंडित आले आणि त्यांनी त्यावर कायदेपंडितांना शोभेल असा वाद घातला. तीन मुलं जन्माला घातलेल्या बाईला तिथला कायदा काही मोकळीक देत असे. मग प्रश्न असा, की त्या तिनातलं एक माणसाच्या रूपाचं नसेल तर ते धरायचं की नाही? एक जण म्हणाला, माणसाच्या आकाराविरुद्ध जन्मलेलं ते मूलच नव्हे. दुसऱ्यानं मात्र चेहरा वेगळा असो, रडणं वेगळं असो, सगळ्याचा विचार केला आणि मत दिलं की आईच्या हिशेबी ते धरावं. तिनं तिच्याकडून व्हायचं ते केलं, नशिबानं जे झालं त्याचा तोटा तिच्या माथी मारू नये.

हा दुसरा पंडित मला पहिल्यांदा भेटला तो गोंदियाच्या ग्रंथालयात, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी. मी पुस्तक मिटलं, बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं आणि पुढच्या तासाला उशिरा गेले. तेव्हापासून दर वर्षी मी ते मत वर्गात सांगते. एकदा यावर एक लांबलचक निबंध लिहून कॉलेजात वाचलाही होता. ऐकायला सात जण होते, त्यातले दोघे झोपले. पालथ्या घड्यावर पाणी.

तर गाईचं. दिवाळीच्या सुट्या होत्या, धान कापून बांधीत, म्हणजे शेताच्या खाचरात, पडलं होतं. सकाळी दिरांचा फोन आला. "वहिनी, लवकर या जी. गाय व्याली. दोन तोंडाचं वासरू हाये." मागून जावेचा आवाज, "दोन मुंडक्यांचं सांग, दोन मुंडक्यांचं!"

आम्ही मोटारसायकल काढली. मागे बसून मी मनातल्या मनात भाषणाची तयारी करत होते. इतकी वर्षं ज्याच्याबद्दल नुसतं वाचलं ते सासरच्या कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, येऊन पडलं होतं, आणि साऱ्या तालुक्यात त्याबद्दल दोन शब्द बोलू शकेल अशी मी एकटी होते. आज तरी ऐकतील, असं वाटलं.

घरासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. अंगणात चपलांचा ढीग. कोठ्यात गाय उभी होती आणि तिच्या पुढ्यात तणसावर वासरू पडलं होतं. मान एकच, पण पुढे दोन तोंडं फुटलेली, दोन नाकं, चार डोळे. डोळे चारही उघडे होते. बाया हळदकुंकू वाहत होत्या, माणसं फोन वर धरून फोटो काढत होती, आणि माझी जाऊ काठाची साडी नेसून खुर्चीवर बसली होती. खुर्ची! जणू तीच व्याली होती.

गोंदियाहून एक चॅनलवाला आला होता. हातात माईक, मोबाइलला लावलेला दिवा. त्यानं जावेला विचारलं, "दीदी, ये चमत्कार कब हुआ?"

"सुबे सुबे हुआ जी," जाऊ म्हणाली. "पयले एक मुंडी दिखी. मैं बोली, हो गया. तो फिर दूसरी दिखी."

मी पुढे सरकले. म्हटलं, "देखिए, प्राचीन रोम में ऐसे जन्म को..." त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे असलेल्या गाईकडे पाहिलं. "मैडम, थोड़ा साइड में. गाय दिख नहीं रही."

मी बाजूला झाले. अंगाचा तिळपापड झाला होता. जी बाई आठवीत शाळा सोडून बसली ती माझ्याच विषयावर मुलाखत देत होती, आणि मी खांबाला टेकून ऐकत होते. ती वासराच्या एका तोंडात बाटलीनं चीक घालायची, मग दुसऱ्या तोंडात, आणि दर वेळी चॅनलवाल्याकडे बघून थांबायची. जनावरांचे डॉक्टर येऊन गेले होते. संध्याकाळपर्यंत टिकेल असं वाटत नाही, असं त्यांनी दिरांना बाजूला घेऊन सांगितलं होतं. पण गर्दीला ते कुणी सांगितलं नाही.

एक म्हातारा कोठ्याच्या दारात डोकं टेकवून म्हणाला, "देवच आला बापा घरी." सगळ्यांनी मान डोलावली. रोमन असते तर घाबरून सुऱ्या काढल्या असत्या, असा एक कोरडा विचार माझ्या मनात आला. तो मी कुणाला सांगितला नाही, कारण तेवढ्यात माझं लक्ष गाईकडे गेलं.

गाय वासराला चाटत होती. आधी एक तोंड, मग दुसरं. डोळ्यांवरून, नाकावरून, दोन्ही तोंडांच्या मधल्या खाचेत जीभ घालून ती सावकाश चाटत होती. भोवती पन्नास माणसं होती, तिला त्यांची पर्वा नव्हती. तिला कुणी हटकलंही नाही. पाहू नको, असं कुणी म्हणालं नाही.

इथे मला बावीस वर्षं मागे जावं लागेल.

माझं पहिलं आणि शेवटचं बाळंतपण गोंदियाला झालं. ऐन वेळी मला भूल द्यावी लागली. जागी झाले तेव्हा पाळणा रिकामा होता. डोक्याचा वरचा भाग झालाच नव्हता, थोडा वेळ जीव होता, एवढं मला दोन नर्सच्या आपसातल्या बोलण्यातून कळलं. मी उठायला लागले तर सासूबाईंनी खांद्याला धरून खाली दाबलं. "पाहू नोको. पाहिलं त पुढचं बी तसंच होते." आमच्याकडे हा समज पक्का आहे. अशा जिवाची आईवर नजर पडली किंवा आईची त्याच्यावर पडली, तर कूस त्याला ओळखते आणि पुन्हा तसंच घडवते. सासूबाईंना माझं वाईट करायचं नव्हतं. त्यांना पुढचा नातू हवा होता. दवाखान्याचे कागद त्यांनीच चुलीत घातले, तेही माझ्याच भल्यासाठी. सासरे आणि आमचे हे कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन निघून गेले. कुठे, ते मी विचारलं नाही. मुलगा की मुलगी, तेही नाही. आधी हिंमत झाली नाही, आणि मग इतकी वर्षं गेली की विचारायची वेळच टळून गेली.

गावात सांगितलं, पोट पडलं. बारसं नाही, पाचवी नाही, भेटायला कुणी नाही. फक्त एकदा बोडीवर, म्हणजे तळ्यावर, कपडे धुणाऱ्या दोन बाया मला पाहून गप्प झाल्या, आणि गप्प होण्याआधीचा त्यांचा एक शब्द माझ्या कानावर आलाच. राकस. पुढचं मूल झालंच नाही. म्हणजे मला न दाखवूनही काही उपयोग झाला नाही.

आता त्या कोठ्यात मी उभी होते आणि माझ्या छातीत जे पेटलं होतं त्याला हेव्याशिवाय दुसरं नाव नाही. गाईचं वेगळं निघालं तर देव, आणि बाईचं वेगळं निघालं तर राकस? तिच्या वासराला हळदकुंकू, माझ्याला चुलीतली राख? जनावर आहे, तिला काय कळतं, असं मी स्वतःला समजावलं. पण कळत नसतं तर ती अशी चाटत बसली नसती. तिनं पाहिलं होतं. मी पाहिलं नव्हतं. माझा सगळा हेवा या एवढ्या गोष्टीत होता.

बारा वाजता सासूबाईंनी फर्मान काढलं. "गाईची ओटी भरा. पहिलटकरीन हाये, आन देवाले जनम देला तिनं."

सासूबाई विधवा, त्यामुळे अशा कामाला स्वतः हात लावत नाहीत, पण ओसरीतल्या खाटेवरून हुकूम त्यांचाच. पाच लेकुरवाळ्या बायांनी एकेक करून हळदकुंकू लावायचं, गाईच्या पाठीवर खण टाकायचा, पुढ्यात तांदूळ आणि नारळ ठेवायचा, गूळ चारायचा. जावेनं कपाटातले पाच खण काढून ताटात रचले. सासूबाई एकेक बोट दुमडत मोजू लागल्या. "धाकटी एक. शेजारची दोन. पाटलीन तीन. ते चक्कीवाली चार." मग बोट तसंच वर राहिलं. त्यांची नजर अंगणभर फिरली. माझ्यावर आली, माझ्यावरून पुढे गेली, आणि थेट फाटकापाशी जाऊन थांबली. "चक्कीवालीची वहिनी कुठी हाये? तिले बलवा ना."

वहिनी बांधीत धान बांधायला गेली होती. तिला बोलवायला माणूस गेला, तो आलाच नाही.

मी ताटापासून दोन हातांवर होते. कुणीच काही बोललं नाही, म्हणजे कुणी वाईट बोललं असंही म्हणता येत नाही. जाऊ खाली बघत खणाच्या घड्या सारख्या करत बसली. खरं सांगायचं तर त्या क्षणी तिनं काहीतरी बोचरं बोलावं अशी माझी इच्छा होती, म्हणजे मला भांडता आलं असतं. चौघींनी ओटी भरली. पाचवा खण ताटात राहिला आणि ताट कोठ्याच्या कोनाड्यात गेलं. "येईन ते आली का भरन," सासूबाई म्हणाल्या आणि आडव्या झाल्या.

आमचे हे दारात उभे राहून सगळं बघत होते. हाताची घडी, चेहऱ्यावर काही नाही. बावीस वर्षं मी तो चेहरा बघते आहे. फळ्यावरचं गणित सुटलं की पुसून टाकतात, तसं त्यांनी ते सगळं पुसून टाकलं असेल, असं मी केव्हाच ठरवून टाकलं होतं, आणि त्यांच्या त्या विसरण्याचाही मला हेवा वाटायचा.

चार वाजायच्या सुमारास वासरू गेलं. आधी एका तोंडाचे डोळे मिटले, थोड्या वेळानं दुसऱ्याचे. जाऊ खरोखर रडली. चॅनलवाला तेव्हा कोहमाऱ्याच्या वाटेला लागला होता, त्यामुळे ते रडणं कुणी काढलं नाही, आणि मला तिचा पहिल्यांदाच थोडा कमी राग आला.

वासराला मीठ-हळद लावून धोतरात गुंडाळलं. दिरांनी खांद्यावर टिकास घेतली. माणसाच्या मातीला आमच्याकडे बाया जात नाहीत, पण वासराच्या मातीला कुणी अडवत नाही. म्हणून जाऊ गेली आणि तिच्या मागे मीही. आमच्या शेतातल्या बोडीच्या पाळीवर एक मोहाचं झाड आहे. त्याच्या पूर्वेला माती मऊ आहे. दिरांनी वासरू खाली ठेवलं, पाय रोवून उभे राहिले आणि टिकास उचलली.

"तिथं नोको."

आवाज यांचा होता. दिरांनी वळून पाहिलं. "काऊन जी दादा? जागा त नरम हाये. पलीकडं सारी मुरमाडी हाये."

"तिथं आमची पोरगी आहे."

असे चार शब्द, जसे वर्गात उत्तर सांगतात तसे. दीर त्या वेळी बाहेरगावी शिकायला होते, त्यांना काही माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांनी टिकास हळूच खाली टेकवली. पायातल्या चपला काढल्या. मग चपला हातात घेऊन, पाय जपून टाकत ते तिथून बाजूला झाले आणि झाडाच्या पलीकडे जाऊन मुरमात खणायला लागले. जाऊ तोंडाला पदर लावून घराकडे पळाली.

पोरगी. मी त्या मातीकडे बघत राहिले. वर थोडं गवत, मोहाची दोन सुकी पानं, एक मुंग्यांची रांग. बावीस वर्षं दर दिवाळीला, दर पोळ्याला मी त्या पाळीवरून गेले आहे. एकदा तर तिथेच बसून डबा खाल्ला होता. आणि हे तेव्हा जेवले नव्हते, भूक नाही म्हणाले होते, ते मला आता आठवलं.

माती झाली. दीर पुढे गेले. आम्ही दोघं बांधावरून परत निघालो, हे पुढे, मी मागे. मला यांच्या गळ्यात पडून रडावंसं वाटायला हवं होतं. तसं वाटत नव्हतं. मला त्यांचा इतका हेवा वाटत होता की त्यांच्या पाठीकडेही बघवत नव्हतं. यांनी तिला पाहिलं होतं. हातात घेतलं होतं, इतका वेळ, गोंदियापासून इथपर्यंत. ती कुठे आहे हे यांना ठाऊक होतं आणि हे तिथे उभे राहून येत असतील, एकटे, मला न सांगता. सगळं यांच्याकडे होतं आणि माझ्याकडे एका रोमन पंडिताचं मत होतं.

त्या मतातलीच एक गोष्ट माझ्या तोंडून बाहेर आली. तो पंडित रडण्याबद्दल बोलला होता ना.

"रडली होती का?" मी विचारलं.

हे थांबले, पण वळले नाहीत. "हो. एकदा."

"कशी?"

पलीकडच्या बांधीत कुणीतरी पेंढ्या बांधत होतं.

"लेकरू रडते तशी," ते म्हणाले.

घरी आलो तर अंगण रिकामं झालं होतं. जावेनं आधी येऊन सांगितलं असणार, कारण सासूबाई खाटेवर उठून बसल्या होत्या आणि माझ्याकडे न बघता काठीनं जमीन उकरत होत्या. कोठ्यात गाय तणस हुंगत होती, हंबरत होती आणि पुन्हा तीच जागा हुंगत होती. कुणी सांगितलं नव्हतं तिला.

मी सरळ कोठ्यात गेले. कोनाड्यातलं ताट काढलं. पाचवा खण तसाच होता, तांदूळ होते, गुळाचा खडा मुंग्यांनी वेढला होता तो झटकला. सासूबाई आता बघत होत्या, मला पाठीवर कळत होतं. त्या नाही म्हणाल्या असत्या तर मी काय केलं असतं, ते मला आजही माहीत नाही. मी हळदीत बोट बुडवलं आणि गाईच्या कपाळाकडे नेलं.

"थांब," सासूबाई म्हणाल्या.

मी थांबले. बोट तसंच वर.

"पदर घे डोक्यावर," त्या म्हणाल्या. "लेकुरवाळीनं उघड्या डोक्यानं ओटी नाही भरत."